आवाज कमी झाले, पण भाऊ गप्प झाला: स्किझोफ्रेनियात जिवाला धोका नेमका कधी असतो

ताई, तुमचा प्रश्न मी तीन-चारदा वाचला. धाकटा भाऊ, वय २४, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आजार सुरू झाला, आधी सहा महिने बाहेरचं आहे म्हणून भगत-बाबा झाले, मग मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती, तिथं स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमाचा मानसिक आजार सांगितला आणि सुट्टी होऊन आता दीड महिना झालाय. फक्त त्यालाच ऐकू येणारे आवाज बरेच कमी झालेत, आरडाओरड नाही, गोळ्या घेतो, पण दिवसभर खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडतो नाहीतर अंगणात येरझारा घालतो, आणि परवा रात्री आईला म्हणाला, "माह्यापायी तुमचं वाटोळं झालं, मी नसतो तं बरं झालं असतं." गाव म्हणतं पोट्टं सुधरलं, आता कायले घाबरता. आणि तुम्ही विचारलंय, मी उगीच घाबरतेय का.

उगीच नाही. तुम्हाला जे खटकलंय ते बरोबर खटकलंय.

म्हणून आधी आजच्या आज करायचं तेवढं सांगते, बाकीचं नंतर सावकाश वाचा. आज संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्याच्याजवळ बसा, एकट्याच बसा, आणि सरळ विचारा. "बाबू, तुले असं वाटते का की आता जगूच नये? जीव द्यायचा विचार येते का?" असं त्याच्याच बोलीत, आडवळण न घेता. सगळ्यांना भीती वाटते की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही, यावर बराच अभ्यास झालाय आणि डॉक्टर म्हणून माझा इतक्या वर्षांचा अनुभवही तोच आहे. विचारल्यावर पोरं बहुतेकदा रडतात, आणि रडून झाल्यावर पहिल्यांदा धड बोलतात. "हो" म्हणाला तर दचकू नका, शपथा घालू नका, "आईचा तरी विचार कर" हे तर अजिबात म्हणू नका, कारण तो आईचाच विचार करून करून इथवर आलाय. फक्त विचारा की हे कधीपासून येतं, किती वेळा येतं, काही ठरवलंय का. ठरवलंय असं कळलं, किंवा तो उत्तरच देईना आणि तुमचं मन खात असेल, तर त्याला एक मिनिट एकटं सोडायचं नाही आणि त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं, १०८ ला फोन करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसाठी सुद्धा लावू शकता, तुम्हालाही बोलायची गरज आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय.

आणि दुसरं, फवारणीचं औषध घरात असेल तर आजच दुसरीकडं हलवा. यावर खाली लिहिते.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडं लोकांचा हिशोब असा की पेशंट ओरडतो, तोडफोड करतो, रात्री-बेरात्री निघून जातो तेव्हा धोका, आणि शांत झाला की धोका टळला. दर महिन्याच्या कॅम्पला मला कोणी ना कोणी बाप हे सांगतोच, "मॅडम, आता एकदम शांत झाला, कोणाले काही बोलत नाही." तो आनंदानं सांगत असतो आणि मला तेव्हाच पोराकडं नीट बघावंसं वाटतं. कारण स्किझोफ्रेनियात आत्महत्येचा धोका आजाराच्या सुरुवातीच्या काही वर्षांत सगळ्यात जास्त असतो, आणि त्यातही दवाखान्यातून सुट्टी झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे-महिने फार नाजूक असतात. तुमचा भाऊ दोन्हीत बसतो.

असं का होतं? आजार जोरात असताना माणूस त्या जगात असतो, कोणी मागे लागलंय, कोणी टीव्हीतून बोलतंय, भीती असते पण तो लढत असतो. औषधानं ते धुकं हटतं आणि मग त्याला खरी परिस्थिती दिसते. कॉलेज सुटलं. सोबतचे मित्र पुण्याला नोकरीला लागले, त्यांचे स्टेटस रोज मोबाईलवर दिसतात. बापानं वावर गहाण टाकलं ते कळतं. आपण गावभर काय काय बोलत फिरलो ते आठवतं. चौकात बसलेली पोरं आपल्याला बघून गप्प होतात ते दिसतं. डॉक्टर म्हणतात आजार समजणं, म्हणजे इनसाईट येणं चांगलं, आणि ते चांगलंच आहे, त्याच्याशिवाय कोणी गोळ्या घेत नाही, पण समज आली आणि सोबत आशा आली नाही तर तीच समज अंगावर येते. म्हणून हुशार, शिकलेली, घरानं ज्यांच्यावर सगळं लावलेलं होतं अशी तरुण पोरं जास्त धोक्यात असतात. त्यांच्याजवळ हरवण्यासारखं जास्त असतं आणि हरवलेलं कळतंही जास्त.

एक पोरगा मला विसरता येत नाही. ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. बीएस्सी झालेला, गावातला पहिला. भरती होता तेव्हा सगळ्यांना त्रास, सुट्टी झाल्यावर एकदम गुणी. पहिल्या फॉलोअपला आला, वेळेवर गोळ्या, आवाज नाहीत, झोप चांगली. बाहेर सत्तर पेशंट बसलेले. मी कार्डावर चांगली सुधारणा लिहिलं आणि दीड महिन्याची तारीख दिली. त्या तारखेला त्याचा बाप एकटाच आला, ते कार्ड परत द्यायला. मी त्याला त्या दिवशी आवाजाबद्दल विचारलं होतं, झोपेबद्दल विचारलं होतं, मनाबद्दल विचारलंच नव्हतं. तेव्हापासून सुट्टीनंतरचा पेशंट मी दोन आठवड्यांच्या पुढं पाठवत नाही आणि हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू देत नाही.

आकडा सांगते म्हणजे घाबरण्याचं माप कळेल. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की स्किझोफ्रेनियाच्या १० टक्के पेशंटचा मृत्यू आत्महत्येनं होतो, नंतरच्या नीट केलेल्या हिशोबात तो साधारण ५ टक्के निघाला. म्हणजे शंभरातले ९५ आत्महत्येनं जात नाहीत, हे लक्षात ठेवा. पण सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत हे प्रमाण कित्येक पट आहे, आणि प्रयत्न करणारे किंवा मनात विचार येणारे तर याहून खूप जास्त आहेत. आधी एकदा प्रयत्न झालेला असणं ही धोक्याची सगळ्यात मोठी खूण. त्यामुळं भावानं आधी कधी काही केलं होतं का हे घरात विचारा, आईला माहीत असेल आणि तुमच्यापासून लपवलेलं असेल.

लपवतात कारण पोलिसांची भीती. "चुकून झालं" असं सांगून दवाखान्यातून घरी आणतात आणि मानसोपचाराच्या दारापर्यंत पेशंट पोचतच नाही. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. तेव्हा डॉक्टरला खरं सांगा. आपल्या भागात अजून एक गोष्ट होते, कोणी गेलं की कर्ज आणि नापिकी एवढंच पुढं येतं. ती कारणं खोटी नाहीत, मी ती घरं बघितलीत. पण त्याच घरात पाच वर्षांपासून आजार होता हे कोणी बोलत नाही, सरकारी मदतीचं प्रकरण अपात्र होईल ही भीती असते आणि बहिणीच्या लग्नाचीही असते, आणि मग घरातल्या दुसऱ्या पोराला तोच आजार सुरू झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तुमच्या भावाचं गप्प असणं. याची चार कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, म्हणून बारकाईनं बघा. एक म्हणजे आजाराचाच भाग, ज्यात माणसाची इच्छाच मरते, आंघोळ नको, बोलणं नको, पण त्याला त्याचं दुःखही फारसं नसतं, विचारलं तर "काही नाही" म्हणतो आणि खरंच काही नसतं. दुसरं म्हणजे डिप्रेशन, ते स्किझोफ्रेनियात खूप जणांना येतं आणि खूप वेळा ओळखायचं राहून जातं, कारण बघणारा म्हणतो हा आजारच आहे. यात माणूस स्वतःला दोष देतो, मी ओझं आहे, मी नालायक, पुढं काहीच नाही, पहाटे तीनला जाग येते, जेवण कमी होतं. तुमच्या भावाचं ते वाक्य मला या दुसऱ्या गटातलं वाटतं. ओझं असल्याची भावना आणि पुढं काहीच नाही ही भावना, या दोन मला आवाजांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतात. आणि डिप्रेशनवर उपचार आहे, स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांसोबत सुद्धा देता येतो. तिसरं, गोळ्यांची सुस्ती आणि अंग कडक होणं, त्यात चेहरा हलत नाही म्हणून माणूस उदास दिसतो, ते डोस बघून कमी करता येतं.

चौथ्यावर मी थोडी थांबणार आहे, कारण तुम्ही लिहिलंय की तो अंगणात येरझारा घालतो. काही गोळ्या-इंजेक्शनांनी पायात एक विचित्र बेचैनी सुरू होते, तिला अकाथिसिया म्हणतात. माणूस बसला की उठतो, उभा राहिला की एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत राहतो, झोपायला गेला की पाय हलवतो. एका बाईनं मला सांगितलं होतं, "मॅडम, आंगातून कोणी हाकलते मले, बसूच देत नाही." घरच्यांना वाटतं परत आजार वाढला, ते डॉक्टरला सांगतात बेचैन आहे, आणि घाईत डोस वाढवला तर ही बेचैनी अजून वाढते. हा त्रास कधी कधी इतका असह्य होतो की आजारापेक्षा याच्यामुळं पेशंटला जीव नको होतो, आणि या त्रासावर उपाय आहे, डोस कमी करून, गोळी बदलून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी साधी गोळी देऊन बहुतेकदा आठवड्याभरात फरक पडतो. त्यामुळं भावाला विचारा, ही येरझार तू डोक्यातल्या विचारांमुळं घालतोस का पायच थांबत नाहीत? हे उत्तर डॉक्टरला शब्दाला शब्द सांगा. पण म्हणून गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, इथंच लोकांची चूक होते.

गोळ्या सुटणं हे आपल्या भागात एकदम ऋतूप्रमाणं होतं. पेरणी लागली की ओपीडी ओस, कापूस वेचणीला तेच, एसटीचं भाडं, एका माणसाची मजुरी बुडते, "आता तं चांगलाच आहे" म्हणून दोन महिने खंड, आणि मग आजार उलटतो. प्रत्येक वेळी उलटला की पेशंटचा स्वतःवरचा विश्वास थोडा थोडा कमी होतो, आणि दर उलटण्याबरोबर धोका परत वर जातो. ज्यांना रोज गोळी जमत नाही त्यांना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं, त्याबद्दल विचारा. आणि पोळ्यानंतर, दिवाळीत येणं जमणार नसेल तर आधीच सांगा, मोकळेपणानं सांगितलं तर आम्ही रस्ता काढतो, कार्डावरची तारीख बदलता येते.

आवाजांचंही एक विचारा. कमी झाले म्हणजे काय बोलतात? "मर, तुझी लायकी नाही" असं हुकूम देणारे आवाज असतील तर ते वेगळं सांगायचं. सगळे जण अशा आवाजांचं ऐकत नाहीत, खूप जण वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडून जगतात. पण आशा संपलेली असेल आणि आवाजही तेच बोलत असेल तर माणूस थकतो. दारू आणि गांजा घेत असेल तर तेही सांगा, मी रागावत नाही आणि कोणत्याही चांगल्या डॉक्टरनं रागावू नये. दारूनं उदासी वाढते आणि हात आवरत नाही.

फवारणीच्या औषधाबद्दल खाली लिहिते असं मी वर म्हणाले होते. आपल्याकडं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या सीझनला ते घरातच असतं, न्हाणीजवळ नाहीतर कोठ्यात. जीव द्यायचा तीव्र विचार पुष्कळदा काही मिनिटांचा, काही तासांचा असतो, येतो आणि ओसरतो, त्या वेळी हाताशी काय आहे यावर सगळं अवलंबून राहतं. श्रीलंकेनं सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं, लोकांचं दुःख काही तेवढ्यात संपलं नव्हतं, फक्त तो क्षण निघून जायला वेळ मिळाला. त्यामुळं औषध शेजारच्या भरवशाच्या घरी कुलपात, किल्ली तुमच्या वडिलांच्या करगोट्याला. त्याच्या गोळ्यासुद्धा तुमच्याकडं ठेवा आणि एका दिवसाच्याच हातात द्या. त्याला हे लपवून करू नका, सांगा की काही दिवस आम्ही असं करतोय कारण तू आम्हाला हवा आहेस.

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या एकानं सांगितलं, एक गोळी आहे तिनं असे विचार कमी होतात. ती क्लोझापिन असणार. २००३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, आत्महत्येचा धोका असलेले ९८० पेशंट, दोन वर्षं बघितले, निम्म्यांना क्लोझापिन आणि निम्म्यांना ओलांझापिन हे याच आजाराचं दुसरं औषध, आणि क्लोझापिनवाल्यांत असे प्रयत्न साधारण पाव हिश्श्यानं कमी झाले. स्किझोफ्रेनियात नेमकं यासाठी इतका पक्का पुरावा असलेलं दुसरं औषध माझ्या बघण्यात नाही. पण ती पहिल्याच दिवशी द्यायची गोळी नाही, तिच्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, त्यामुळं खेड्यातला पेशंट म्हटलं की डॉक्टर ती टाळतात. मला ते पटत नाही. रक्तपेशी मोजायची ही तपासणी, सीबीसी, आता ग्रामीण रुग्णालयात होते, रिपोर्टचा फोटो मोबाईलवर मागवता येतो. आधीचा प्रयत्न असेल किंवा दोन औषधं नीट देऊनही विचार जात नसतील तर क्लोझापिनबद्दल तुम्ही स्वतः विचारा. शॉक म्हटलं की लोक उठून जातात, पण धोका फार तीव्र असताना, पेशंट खातपीत नसताना भूल देऊन केलेल्या ईसीटीनं, म्हणजे याच शॉकच्या उपचारानं, मी माणसं परत आलेली बघितलीत, तेव्हा नावाला घाबरून नाही म्हणू नका.

बायकांचं दोन ओळीत सांगते, तुम्ही विचारलं नाही तरी. एरवी पुरुषांत आत्महत्या जास्त दिसतात, पण या आजारात बाईपुरुषातलं ते अंतर कमी होतं, त्यामुळं बाई आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. माहेरी आणून सोडलेली, लेकरू सासरी ठेवून घेतलेलं, अशा पोरी माझ्या ओपीडीत कोपऱ्यात बसलेल्या असतात. त्यांना कोणी विचारतच नाही.

घरात काय करायचं? टोमणे बंद. "पडून काय राहतो, कामाले लाग" हे प्रेमानं म्हटलं तरी त्याला लागतं, आणि ज्या घरात सतत टीका असते तिथं आजार लवकर उलटतो हे जगभर दिसलंय. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका, त्याच्या हातातलं सगळं काढून घेऊन त्याला लहान लेकरू करू नका. छोटं काम द्या ज्याचा घराला खरंच उपयोग आहे, बैलाला पाणी, सोसायटीतून खत आणायचा हिशोब, भाच्याचं गणित. माझ्या एका पेशंटनं गावातल्या सगळ्यांचे ऑनलाईन फॉर्म भरून द्यायला सुरुवात केली, पहिल्या महिन्यात त्याला तीनशे रुपये मिळाले आणि त्या तीनशे रुपयांबद्दल तो माझ्याशी वीस मिनिटं बोलला. इंजिनिअरिंगबद्दल आता काही ठरवू नका, नाही होणार असंही म्हणू नका आणि पुढच्या वर्षी नक्की असंही नाही. या आजारातून बरे होऊन शिक्षण पुरं केलेली पोरं आहेत, पण त्याला आत्ता वर्षाचा नाही, आठवड्याचा विचार करू द्या. भगताकडं जायचं आई थांबवणार नसेल तर भांडू नका, अंगारा लावा, पण गोळी चुकली नाही पाहिजे आणि उपास, मारहाण, साखळी असलं काही होणार असेल तिथं अजिबात न्यायचं नाही.

गावातल्या आशाताईला विश्वासात घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, त्यात गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जाऊन डिप्रेशनबद्दल बोलले, आणि मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. कोणी दारात येऊन विचारलं तर लोक बोलतात. आजार लांबला तर दिव्यांग प्रमाणपत्र निघतं, २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार आहे, त्याचा विचार सहा महिन्यांनी करू.

आता राहिला दवाखाना. तुमची पुढची तारीख महिन्याभरानंतरची आहे असं लिहिलंय, तोवर थांबू नका, या आठवड्यातच जा. यवतमाळचं मेडिकल जवळ पडेल, नाहीतर वर्ध्याजवळचे सावंगी, सेवाग्रामचे दवाखाने, किंवा नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तुमच्या तालुक्याला कोणत्या वारी येते ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. सुट्टीचं कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं दोन्ही सोबत घ्या. गर्दीत सांगायचं राहून जातं म्हणून एका चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहून न्या: त्यानं आईला म्हटलेलं ते वाक्य जसंच्या तसं, पायाच्या बेचैनीबद्दल त्यानं दिलेलं उत्तर, आणि आधी कधी प्रयत्न झाला होता का. चिठ्ठी आत गेल्या गेल्या डॉक्टरच्या हातात द्या आणि मग पाच मिनिटं तुम्ही सगळे बाहेर थांबा, त्याला एकट्याला बोलू द्या, घरच्यांसमोर ही पोरं हे बोलत नाहीत.